घरचें आइस्क्रीम आणि प्रथिनांचा हिशेब

वैशाख लागला म्हणजे मुंबईच्या उपनगरांत माणसाची भूक सर्वांत आधीं सुकते. समुद्रावरचा वारा जुहूच्या नि वर्सोव्याच्या किनाऱ्यावर थोडाफार खेळतो. पण घाटकोपर-मुलुंडपर्यंत पोहोंचतां पोहोंचतां त्यांतला गारवा संपून गेलेला असतो. सकाळची लोकल गांठण्याच्या घाईंत पोळी कशीबशी पोटांत जाते, रात्रीं घामाघूम होऊन परतलेल्या मनुष्याला आमटीभाताचा वासहि नकोसा होतो, आणि मुलें तर दिवसभर ‘कांहीं तरी गार’ एवढेंच मागत असतात. अशा दिवसांत घरच्या कर्त्या बाईपुढें जो प्रश्न उभा राहतो, तो केवळ रुचीचा नसतो. तो पोषणाचा असतो.

उदाहरणादाखल मुलुंडमधील एक घर डोळ्यांपुढें आणावें. घरांतील आजी पंधरा दिवसांच्या तापांतून नुकत्याच उठल्या आहेत. ताप गेला, पण जातांना अंगांतलें बळहि बरोबर घेऊन गेला. सून ताट घेऊन जवळ बसते आणि म्हणते, “आई, वरणभाताचे दोन घांस तरी घ्या.” आजी मान हलवितात. “नको ग सूनबाई, तोंडाला चवच नाहीं. कांहीं गार असेल तर दे.” डॉक्टरांनीं तर बजावलेलें असतें कीं, आहारांत प्रथिन वाढवा. मग औषधाच्या दुकानांतून प्रथिनाच्या भुकटीचा एक मोठा डबा येतो. ती भुकटी दुधांत कालवून पुढें केली, तर आजी दोन घोट घेतात आणि पेला बाजूला सारतात. तिसऱ्या दिवसापासून डबा फडताळांत जातो आणि पोटांत कांहींच जात नाहीं.

आजींनीं मागितलेला गारवा आणि डॉक्टरांनीं सांगितलेलें प्रथिन हीं दोन्हीं एकाच वाटींत आणतां येतील काय? येतील. शिवाय त्यासाठीं लागणारें मुख्य सामान महाराष्ट्रीय घराला मुळींच परकें नाहीं. तें म्हणजे श्रीखंडाचा चक्का. पाडव्याला आणि दसऱ्याला जो चक्का फडक्यांत बांधून टांगला जातो, तोच योग्य रीतीनें गोठविला असतां फळांच्या चवीचें असें आइस्क्रीम होतें कीं, त्याचें पोषण बाजारांतील पुष्कळशा आइस्क्रीमांहून सरस ठरतें. मात्र हें नुसतें म्हणून भागत नाहीं. त्याचा हिशेब मांडून पाहिला पाहिजे.

प्रथिन हें शरीराच्या बांधणीचें द्रव्य होय. स्नायू, रक्त, त्वचा, जखमेवर येणारी नवी कातडी, या साऱ्यांना तें लागतें, आणि चरबीप्रमाणें त्याची मोठी सांठवण शरीर करून ठेवीत नाहीं. खाण्यांतून तें आलें नाहीं, तर स्नायूंमधूनच तें काढून घेतलें जातें. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था यांनीं २०२० सालीं ठरविलेल्या प्रमाणानुसार, प्रौढ मनुष्यानें शरीराच्या दर किलो वजनामागें रोज ०.८३ ग्रॅम प्रथिन घ्यावें. म्हणजे ६० किलो वजनाच्या मनुष्याला दिवसाकांठीं सुमारें ५० ग्रॅम प्रथिन लागतें. वृद्धांसाठीं आणि आजारांतून उठणाऱ्यांसाठीं पोषणतज्ज्ञ किलोमागें १ ग्रॅम किंवा त्याहून थोडें अधिक प्रमाण सुचवितात. कारण अंथरुणावर पडून राहिलेल्या शरीराचे स्नायू फार लवकर झडतात आणि उतारवयांत ते भरून येण्यास वेळ लागतो. तेव्हां ५० किलो वजनाच्या आजींना रोजचें ५० ते ६० ग्रॅम प्रथिन पाहिजे. ३० ग्रॅम तूरडाळीच्या वरणांतून सहा-साडेसहा ग्रॅम मिळतें, एका अंड्यांतून सहा ग्रॅम आणि २०० मिलिलिटर गाईच्या दुधांतून साडेसहा ग्रॅम. ज्या घरांत अंडें चालत नाहीं आणि जेथें रोग्याचें वरणहि सुटलें आहे, तेथें ५० ग्रॅमचा पल्ला किती लांबचा आहे हें यावरून ध्यानांत येईल.

आतां बाजारांतील आइस्क्रीमकडे वळावें. ‘आइस्क्रीम’ या नांवानें जें विकलें जातें, त्यांत भारतीय कायद्याप्रमाणें दुधाची स्निग्धता निदान १० टक्के आणि प्रथिन निदान ३.५ टक्के असावें लागतें. दुधाच्या स्निग्धतेऐवजीं वनस्पतीचें तेल वापरलें असेल, तर त्या पदार्थाला आइस्क्रीम म्हणतां येत नाहीं. त्याच्या वेष्टनावर ‘फ्रोझन डेझर्ट’ असें छापावें लागतें. हीं अक्षरें दिव्याखालीं धरून वाचण्याची संवय प्रत्येक घरानें लावून घ्यावी. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, आइस्क्रीम वजनावर नव्हे, तर मापावर विकलें जातें. एक लिटर आइस्क्रीमचें वजन निदान ५२५ ग्रॅम असलें म्हणजे कायद्याचें समाधान होतें. उरलेली जागा घुसळतांना शिरलेल्या हवेनें भरलेली असते. ही हवा म्हणजे लबाडी नव्हे. हवेवांचून आइस्क्रीम दगडासारखें होईल. परंतु ज्या पेल्यावर १०० मिलिलिटर असें लिहिलें आहे, त्यांत आइस्क्रीम कधीं कधीं पन्नास-पंचावन्न ग्रॅमच असतें आणि प्रथिन जेमतेम दोन ग्रॅम, ही गोष्ट मुलाला पेला घेऊन देणाऱ्या आईबापांना ठाऊक असावी.

मुंबईला या पदार्थाची ओळख मोठ्या दुरून झाली. अमेरिकेंतील गोठलेल्या तळ्यांचा बर्फ जहाजांत भरून १८३३ सालीं कलकत्त्यास आणि पुढच्याच वर्षीं मुंबईस आला. सर जमशेटजी जीजीभाई यांनीं आपल्या मेजवानींत आइस्क्रीम वाढलें आणि यजमानांसकट पाहुण्यांना पडसें झालें, अशी त्या दिवसांची गोष्ट सांगतात. पुढें बर्फ मुंबईंतच तयार होऊं लागला, लाकडी बादलीचा संचा आला, आणि उन्हाळ्याच्या सुटींत अंगणांत किंवा गच्चीवर बसून आळीपाळीनें संच्याचा दांडा फिरविणें हा मुलांचा उत्सव झाला. फळांचा खरा गर घालून केलेल्या आइस्क्रीमला उपनगरांत मोठा मान मिळाला तो १९८४ नंतर. त्या वर्षीं मंगळूरकडील एका फळविक्रेत्याचे पुत्र रघुनंदन कामत यांनीं जुहू येथें आपलें दुकान काढलें. सीताफळ, चिकू, शहाळें यांसारखीं घरगुती फळें आइस्क्रीमच्या दुकानांत मानानें मांडलीं जाऊं शकतात, हें त्यांनीं सिद्ध केलें. कामत २०२४ सालीं निवर्तले. परंतु सुगंधी अर्कापेक्षां फळाचा गर श्रेष्ठ, हा त्यांचा धडा प्रत्येक स्वयंपाकघरानें घेण्यासारखा आहे.

प्रथिनाचा धडा मात्र त्याहून जुना असून तोहि याच परिसरांतला आहे. अंधेरी आणि बोरिवली यांच्या दरम्यान गोरेगांवला १९४९ सालीं आरे दूध वसाहत उभी राहिली. तिच्याशीं दारा खुरोडी यांचें नांव जोडलेलें आहे. १९६३ सालीं त्रिभुवनदास पटेल व व्हर्गीस कुरियन यांच्यासमवेत खुरोडींना मॅगसेसे पारितोषिक मिळालें. मुंबईंत दूध कमी नि महाग असतां १९४६च्या सुमारास त्यांनीं एक युक्ति अमलांत आणली. म्हशीच्या दाट दुधांत पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी अशा बेतानें मिसळली कीं, स्निग्धता आणि किंमत दोन्हीं उतरावीं, पण दुधांतील प्रथिन उतरूं नये. तेंच पुढें देशभर ‘टोन्ड दूध’ म्हणून प्रसिद्ध झालें. घरच्या आइस्क्रीमचें प्रथिन वाढविण्याची युक्तीहि याच जातीची आहे. कांहीं निराळें द्रव्य बाहेरून ओतावयाचें नाहीं. दुधांतलेंच पाणी काढून टाकावयाचें आणि दुधांतलाच प्रथिनाचा भाग वाढवावयाचा.

कृति अशी. गाईचें किंवा टोन्ड दूध दीड लिटर घेऊन त्याचें दहीं लावावें. दहीं गोड असावें, आंबट होऊं देऊं नये. तें मलमलीच्या स्वच्छ फडक्यांत बांधून चाळणीवर ठेवावें, चाळणीखालीं पातेलें ठेवावें आणि हें सारें रात्रभर फ्रीजमध्यें राहूं द्यावें. थंडीच्या दिवसांत खुंटीला टांगलेलें दहीं चालतें. परंतु मे महिन्यांत बोरिवली-मुलुंडच्या उष्म्यांत टांगलेला चक्का सकाळपर्यंत आंबून जातो. रात्रभरांत दह्यांतील पुष्कळसें पाणी गळून सुमारें ५०० ग्रॅम चक्का उरतो. त्यांत जवळ जवळ ४० ग्रॅम प्रथिन असतें. खालीं गळलेलें पाणी फेकून देऊं नये. त्यांतहि थोडें प्रथिन आणि क्षार असतात. कणीक भिजविण्यास किंवा कढींत घालण्यास तें उत्तम.

चक्का गळत असतां दुसरी तयारी करावी. १५० मिलिलिटर थंड दुधांत साय काढलेल्या दुधाची भुकटी ६० ग्रॅम, साखर १२० ग्रॅम आणि चिमूटभर मीठ घालून गुठळ्या मोडाव्या. भुकटी गरम दुधांत घातली तर गुठळ्या होतात, म्हणून ती थंड दुधांतच कालवावी. मग पातेलें मंद आंचेवर ठेवून सारखें ढवळावें. दूध उकळण्याच्या बेतांत आलें कीं आंच कमी करून तीन-चार मिनिटें तसेंच ठेवावें आणि उतरवावें. या तापण्यानें दुधांतील जंतु मरतात, शिवाय प्रथिनाची पाणी धरून ठेवण्याची शक्तीहि वाढते. हें दूध पुरतें निवल्यावर फ्रीजमध्यें ठेवावें. चक्का गरम दुधांत कदापि घालूं नये. त्यांतील आम्लतेनें दूध तत्काळ फाटतें, आणि मग आइस्क्रीमऐवजीं गोड पनीर हातीं येतें.

दुसऱ्या दिवशीं चक्का पुरणयंत्रांतून किंवा बारीक चाळणींतून काढावा. श्रीखंडासाठीं जें पुरणयंत्र लागतें, तेंच येथेंहि खरें साधन होय. मिक्सरनें चक्का पातळ होतो. त्यांत थंड दूध थोडें थोडें घालीत फेटावें आणि शेवटीं ३०० ग्रॅम हापूसचा गर मिसळावा. हें मिश्रण पुन्हां तीन-चार तास फ्रीजमध्यें विसावूं द्यावें. विसावा हा उतावळ्या लोकांना निरुपयोगी वाटतो. पण त्या वेळांत प्रथिन पाणी शोषून फुगतें आणि मिश्रण दाट होतें. पुढें गोठतांना बर्फाचे स्फटिक बारीक राहतात ते यामुळेंच.

गोठविण्याच्या दोन रीती आहेत. ज्यांच्या घरीं जुना संचा माळ्यावर पडून असेल, त्यांनीं तो खालीं काढावा. आंतला डबा दोन-तृतीयांशच भरावा, कारण घुसळतांना मिश्रण फुगतें. बर्फाची लादी गोणपाटांत गुंडाळून बारीक फोडावी, आणि चार भाग बर्फाला एक भाग जाडें मीठ अशा थरांनीं बादली भरावी. मीठ कशाला, असा प्रश्न मुलें हटकून विचारतात. साखर विरघळलेल्या दुधाला गोठण्यासाठीं शून्याच्या दोन-तीन अंश तरी खालीं जावें लागतें, आणि वितळणारा नुसता बर्फ शून्याच्या खालीं जाऊं शकत नाहीं. मीठ लावलें कीं बर्फ अधिक वेगानें वितळूं लागतो, वितळण्यासाठीं लागणारी उष्णता तो स्वतःमधून आणि आंतल्या डब्यांतून ओढून घेतो, आणि खारें पाणी शून्याच्या पुष्कळ खालीं उतरतें. मिठाचें प्रमाण अगदीं नेमकें साधलें, तर ही उतार उणें २१ अंशांपर्यंत जाऊं शकते. दांडा आरंभीं सावकाश व पुढें जोरानें फिरवावा. वीस ते तीस मिनिटांनीं तो जड झाला, कीं आइस्क्रीम झालें असें समजावें. डबा उघडण्यापूर्वीं झांकणावरचें खारें पाणी नीट पुसावें, नाहीं तर सर्व श्रम एका चमचाभर मिठानें वायां जातात.

ज्यांच्याकडे संचा नाहीं त्यांनीं हिरमुसण्याचें कारण नाहीं. पसरट धातूच्या डब्यांत मिश्रण दोन बोटें उंचीपर्यंत ओतून तें फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यांत ठेवावें. पाऊण तासानें कडा गोठूं लागतील. तेव्हां डबा बाहेर काढून मिश्रण जोरानें फेटावें आणि परत ठेवावें. असें तीन वेळां करावें. यानें मोठे स्फटिक मोडतात आणि थोडी हवा आंत जाते. या रीतीचें आइस्क्रीम संच्याच्या आइस्क्रीमहून घट्ट होतें, म्हणून वाढण्यापूर्वीं दहा-पंधरा मिनिटें तें बाहेर काढून ठेवावें.

आतां हिशेब. चक्क्याचें प्रथिन ४० ग्रॅम, भुकटीचें २१, दुधाचें ५ आणि आंब्याचें २, मिळून ६८ ग्रॅम. सर्व जिन्नसांचें वजन सुमारें ११३० ग्रॅम. याच्या आठ वाट्या केल्या तर प्रत्येक वाटी १४० ग्रॅमची होते आणि तींत साडेआठ ग्रॅम प्रथिन येतें. कायद्यानें मागितलेल्या किमान प्रमाणाचें आइस्क्रीम तेवढ्याच वजनाचें घेतलें, तर त्यांत पांच ग्रॅमहि भरत नाहीं. म्हणजे घरचें आइस्क्रीम त्याच्या पावणेदोन पट भरलें. साडेआठ ग्रॅम म्हणजे वरणाच्या एका वाटीहून जास्त, अंड्याहूनहि जास्त. आणि आजींच्या दिवसभराच्या गरजेचा सहावा-सातवा हिस्सा. यापेक्षां मोठा दावा या वाटीच्या वतीनें करूं नये, आणि एवढा दावा मात्र निःशंकपणें करावा.

हा आंकडा ऐकून एखाद्या उत्साही तरुणाला वाटेल कीं, भुकटी दुप्पट घातली तर प्रथिनहि तितकेंच वाढेल. व्यायामशाळेंतून परतणारे कित्येक तरुण असाच विचार करतात. येथें निसर्ग हात धरतो. दुधाच्या भुकटींत प्रथिन एक-तृतीयांशाहून थोडें अधिक असतें, तर दुग्धशर्करा निम्मी असते. ही साखर पाण्यांत फार थोडी विरघळते. प्रमाणाबाहेर झाली, कीं गोठल्यावर तिचे बारीक खडे बनतात आणि आइस्क्रीम जिभेवर वाळूसारखें कचकचतें. दुकानांतील शुद्ध प्रथिनाच्या भुकटींत ही शर्करा कमी असते हें खरें. परंतु तीहि सढळ हातानें घातली तर चव खडूसारखी पिठूळ लागते, आणि जें खाववत नाहीं त्याचें पोषण कागदावरच राहतें. वर दिलेलें प्रमाण हें म्हणून चव आणि पोषण यांच्यामधला समेट आहे.

फळांच्या बाबतींतहि असाच विवेक ठेवावा लागतो. कारण सर्व फळांचें दुधाशीं सारखें सख्य नाहीं. हापूस आंबा या कामीं राजा खरा. त्याचा गर दाट असतो, त्यांत आंबटपणा बेताचा असतो आणि तो तापवावा लागत नाहीं. डहाणूजवळच्या घोलवडचा चिकू तसाच गुणी. मात्र तो पुरता पिकलेला असावा, नाहीं तर त्याचा तुरटपणा प्रथिनाशीं जुळून घशाशीं ओढ लावतो. सीताफळाचा गर कधींहि शिजवूं नये, तो कडवट होतो. त्याच्या बिया हातानेंच वेगळ्या कराव्या. त्या विषारी असल्यामुळें मिक्सरमध्यें वाटल्या जाणार नाहींत याची काळजी घ्यावी. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरींत नव्वद टक्के पाणी असतें. ती तशीच घातली तर बर्फाचे सुळके होतात. म्हणून ती साखरेबरोबर शिजवून निम्मी आटवावी आणि थंड करून घालावी. जांभळाचा रंग मोहक असतो, पण तुरटपणा अधिक. तें चवीपुरतेंच वापरावें.

पपई, अननस आणि ताजें अंजीर या तीन फळांविषयीं विशेष सावध राहिलें पाहिजे. या फळांत प्रथिनाचे तुकडे करणारीं पाचक द्रव्यें असतात. कच्च्या पपईचा तुकडा घातला कीं मांस लवकर शिजतें, हा अनुभव त्याच द्रव्याचा. हीं फळें कच्चीं वाटून दुधांत मिसळलीं, तर रात्रभरांत मिश्रण पातळ होतें आणि त्याला कडू चव येते. पुष्कळ गृहिणी अशा वेळीं दुधाला दोष देतात. वस्तुतः दूध चांगलेंच असतें; अननसानें आपला धर्म पाळलेला असतो. उपाय सोपा आहे. या फळांचा गर पांच-सात मिनिटें चांगला उकळून घ्यावा आणि थंड झाल्यावर मिसळावा. उष्णतेनें तें पाचक द्रव्य निकामी होतें आणि फळाची चव शिल्लक राहते.

शेवटीं कांहीं इशारे. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांना प्रथिन वाढविणें अपायकारक ठरूं शकतें. त्यांनीं डॉक्टरांना विचारल्याखेरीज ही वाटी औषध म्हणून घेऊं नये. मधुमेही मनुष्यानें या आइस्क्रीमच्या पोषक नांवावर भुलूं नये, कारण एका वाटींत १५ ग्रॅम साखर बाहेरून घातलेली असते, शिवाय फळाची आणि दुधाची वेगळीच. ज्यांना दूध पचत नाहीं, त्यांनीं भुकटी वगळून तिच्या जागीं १०० ग्रॅम चक्का अधिक घ्यावा. पाण्याबरोबर दुग्धशर्करेचा मोठा भाग निघून गेल्यामुळें चक्का त्यांना अधिक सोसतो. मात्र वाटीमागें प्रथिन थोडें कमी भरेल. रोग्यासाठीं करतांना कच्चें अंडें घालूं नये. आणि एकदां वितळलेलें आइस्क्रीम पुन्हां गोठवून रोग्याला देऊं नये. मे महिन्यांत वीज गेली, तर हा मोह विशेष होतो. थंडीनें जंतु मरत नाहींत, ते केवळ निजतात.

एवढा खटाटोप करावा कशाला, असा प्रश्न उरतोच. अंधेरीहून चर्चगेट आणि परत असा प्रवास रोज करणाऱ्या स्त्रीला चक्का बांधण्यास, दूध आटविण्यास आणि डबा तीनदां फेटण्यास वेळ कोठून मिळणार? हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच हें काम एकट्या स्त्रीच्या गळ्यांत पडूं नये. दहीं तिनें लावलें, तर चक्का मुलांनीं पुरणयंत्रांतून काढावा, आणि दर पाऊण तासानें डबा फेटण्याचें काम घरांतील पुरुषानें रविवारीं वर्तमानपत्र वाचतां वाचतां करावें. त्यांत कोणाचेंहि कौशल्य पणाला लागत नाहीं. एका रविवारच्या श्रमांतून आठ वाट्या होतात, आणि झांकणाच्या डब्यांत त्या आठवडाभर चांगल्या राहतात.

मुलुंडच्या त्या घरांतहि असेंच व्हावें. सोमवारीं दुपारीं सूनबाई ताट न आणतां हातांत एक वाटी घेऊन येईल. रोग्याला औषध पाजावयाचें असतें तशी ती पुढें करण्याची गरज पडणार नाहीं. “आई, हापूसचें आहे,” एवढेंच ती म्हणेल. आजी आधीं एक चमचा चाखतील, मग दुसरा घेतील, आणि वाटी रिकामी झाल्यावर विचारतील, “नातवंडांना ठेवलें आहेस ना ग?” या प्रश्नांतच प्रकृतीला उतार पडल्याची पहिली खूण आहे, कारण ज्या माणसाला दुसऱ्याच्या वांट्याची आठवण होते, त्याचें मन अन्नाकडे परत वळलेलें असतें. वाटी हें काम आठ-दहा दिवस करील. त्यापुढें आजींनीं आपण होऊन वरणभात मागितला, त्यावर लिंबू पिळून घेतलें आणि तूप थोडें जास्त वाढ म्हणून सांगितलें, म्हणजे आइस्क्रीमचें कार्य संपलें असें समजावें. जेवणाची जागा बळकावणें हें त्याचें काम नव्हे. रुसलेल्या जिभेला हात धरून पुन्हां पानावर आणून बसविणें, एवढेंच त्याचें काम.